बोर्डावर एक, परवान्यावर दुसरा, भट्टीवर तिसरा

उडुपी हॉटेल उडुपीच्या माणसाचं असतं का? मालवणी खानावळीत मालवणचं कोण असतं? आणि कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीचा चीनशी काही संबंध उरला आहे का? परमुलखातून आलेल्यांनी चालवलेल्या खाण्याच्या धंद्यावर जगभर बरंच लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक लंडन-न्यूयॉर्ककडे बघून. हेच प्रश्न नवी मुंबईतल्या बोनकोड्यात विचारले तर उत्तरं जास्त स्वच्छ मिळतात, असं मला वाटतं. इथं जमिनीच्या मालकापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळी माणसं अजून एकमेकांना तोंडओळखीनं तरी ओळखतात.

बोनकोडे हे कोपरखैरणे नोडमधलं जुनं आगरी-कोळी गाव. भातशेती, मिठागरं आणि खाडीची मासळी यांवर जगणारा हा सगळा पट्टा. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात गेल्या आणि गावांभोवती सेक्टर उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना निघाली. आज इथल्या हॉटेलांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते. त्या भूखंडांवर आणि गावठाणात ‘गरजेपोटी’ बांधलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर जे गाळे निघाले, त्यांतच ही हॉटेलं आहेत.

गिऱ्हाईकही तयार होतं. मुंबईतले घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्यानं वाशी-तुर्भ्याच्या एपीएमसीत आले, त्यांच्याबरोबर सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार आले आणि कोपरखैरणे-घणसोलीत त्यांची वस्ती झाली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आधीपासून होते, नंतर संगणकवाल्या कंपन्या आल्या. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. केरळच्या नर्स, बंगालचे इंजिनियर, उत्तर प्रदेशचे वेल्डर, सगळ्यांना रात्री नऊ वाजता काहीतरी खायला हवं असतं.

आता दोन गाळे जोडून केलेलं इथलं एखादं शाकाहारी हॉटेल जवळून बघू. गल्ल्यामागच्या भिंतीवर कटीलच्या दुर्गापरमेश्वरीची तसबीर, शेजारी गणपती, खाली गुमास्त्याचा कागद आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. कटील दक्षिण कन्नड जिल्ह्यात आहे, म्हणजे मालक कुठले ते विचारावं लागत नाही. मेन्यूकार्डावर आधी इडली-डोसा, मग पावभाजी, पंजाबी भाज्या, चायनीज आणि शेवटी फालुदा. आत गेलं की मुलूख बदलत जातो. डोशाच्या तव्यावर ओडिशाचा मुलगा, तंदूरला गढवालचा, चायनीजच्या कढईवर नेपाळचा उस्ताद, मोरीवर झारखंडमधून नुकताच आलेला पोरगा. गल्ल्यावरच्या माणसाला सगळे ‘अण्णा’ म्हणतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गाळ्याचे मालक येतात, ते ‘दादा’. ते आले की अण्णा स्वतः उठून चहा सांगतात. आणि अण्णा मालक असतीलच असंही नाही. पुष्कळदा परवाना तिसऱ्याच्याच नावावर असतो आणि अण्णांनी धंदा कंडक्टिंगवर घेतलेला असतो. ठरलेली रक्कम परवानेवाल्याला, भाडं गाळेवाल्याला, उरेल ते अण्णांचं.

म्हणजे ‘हे हॉटेल कोणाचं?’ या साध्या प्रश्नाला निदान चार उत्तरं आहेत. अभ्यासकांची गडबड इथंच होते. कोणी बोर्ड मोजतं, कोणी परवाने मोजतं, कोणी स्वयंपाकी मोजतं, आणि प्रत्येकाचा निष्कर्ष वेगळा येतो. माझं म्हणणं असं की पाककृती कोणाची, यावरून मालकी ठरत नाही. ज्या समाजाचा जुना मार्ग बंद झालेला असतो आणि ज्याच्याकडे एकमेकांना बिनतारणाचे पैसे देण्याइतका विश्वास शिल्लक असतो, त्याच्याकडे मालकी जाते. ताटात काय वाढायचं, ते मग गिऱ्हाईक ठरवतं.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे खुद्द उडुपी हॉटेल. बाहेर जेवण्याची रीत मुंबईत किती उशिरा आणि किती अडखळत रुजली, हे फ्रँक कॉनलन या इतिहासकारांनी १९९५ च्या एका निबंधात दाखवलं आहे. ज्या समाजात कोणाच्या हातचं खायचं याचे नियम कडक, तिथं अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरातलं अन्न विकणं सोपं नव्हतं. उडुपीच्या कृष्णमठाच्या पाकशाळेची ख्याती आणि ब्राह्मण आचाऱ्याचा हात, या दोन गोष्टींनी ती अडचण सोडवली. पण मुंबईत नाव काढलं ते एकट्या उडुपीकडच्या शिवळ्ळी ब्राह्मणांनी नव्हे. माटुंग्यात १९४० च्या सुमारास उभी राहिलेली कॅफे मद्रास आणि रामा नायक यांची घरं कोकणी बोलणाऱ्या गौड सारस्वतांची. १९५२ मध्ये चर्चगेटला ‘सत्कार’ काढणारे व्यंकटेश कामत कारवारकडचे. त्यांच्या मुलानं, विठ्ठल कामतांनी, लिहिलेलं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ मराठी वाचकांना चांगलं माहीत आहे. धंदा कसा उभा राहतो हे कळण्यासाठी ते आजही वाचावं.

त्यांच्यानंतर आले बंट. शेट्टी, हेगडे, रै, आळ्व ही आडनावं. तुळू बोलणारा, जमीनदार, घरी मासळी-कोंबडी आवडीनं खाणारा हा समाज मुंबईत ‘शुद्ध शाकाहारी’ हॉटेलांचा धनी झाला. बंट मुंबईत आधीपासून होते, १९२७ मध्येच त्यांचा संघ स्थापन झाला होता. पण १९७४ मध्ये देवराज अर्स यांच्या सरकारनं कर्नाटकाचा जमीन सुधारणा कायदा कडक केला, कसणाऱ्या कुळांना जमिनी मिळाल्या आणि बंटांच्या अनेक घरांतली पिढीजात शेती गेली. न्यायाच्या दृष्टीनं तो कायदा योग्यच होता. त्यानं जमीन गमावलेल्या घरांतली मुलं मुंबईकडे निघाली, आणि इथं मामा होता. बंटांमध्ये अळियसंतान पद्धत होती, वारसा बहिणीच्या मुलाकडे जायचा. कायद्यानं ती १९५६ नंतर मागे पडली, तरी मामा-भाच्याचं नातं राहिलं. भाचा आला की आधी टेबल पुसायचा, मग ऑर्डर घ्यायचा, रात्री फोर्टातल्या कन्नड रात्रशाळेत जायचा, काही वर्षांनी गल्ल्यावर बसायचा आणि मग मामाच्या, मामाच्या मित्राच्या आणि गावच्या चौघांच्या पैशांतून वेगळं हॉटेल काढायचा. दारूबंदी सैल होत गेली तसे परमिट रूमचे परवाने निघाले, त्यातही ही मंडळी पुढे होती. १९७९ मध्ये ‘आहार’ ही हॉटेलवाल्यांची संघटना निघाली, तिच्यात त्यांचाच आवाज मोठा राहिला.

पण बंटांच्याच गोष्टीवर थांबलं तर चित्र अर्धवट राहतं. त्याच जिल्ह्यातले बिल्लव, म्हणजे पुजारी, सुवर्ण, कोटियन वगैरे, हे परंपरेनं ताडी काढणारे आणि पुष्कळसे कुळं. तेही मुंबईत हॉटेलात शिरले. १९७८ मध्ये त्यांच्या संस्थेनं भारत को-ऑपरेटिव्ह बँक काढली. जमीनदाराचा मुलगा मामाकडून पैसे उभे करत होता, कुळाच्या मुलाकडे तशी सोय नव्हती, म्हणून समाजानं बँकच काढली. या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे.

बोनकोड्याला परत येऊ. गाळेवाले दादा आणि गल्ल्यावरचे अण्णा समोरासमोर बसून भाडेकरारावर सह्या करतात, तेव्हा दोघांच्या मागे एकेक गेलेली जमीन असते. एकाच्या बापाची कुळकायद्यात गेली, दुसऱ्याच्या बापाची सिडकोच्या संपादनात. एक हॉटेलवाला झाला, दुसरा गाळेवाला. आगरी माणसानं स्वतः हॉटेल का काढलं नाही, असं बाहेरचे लोक जरा आढ्यतेनं विचारतात. विचारणाऱ्यांनी हिशेब बघावा. भूखंड मिळायला वर्षानुवर्षं लागली, जे पैसे मिळाले ते बांधकामात गेले, आणि गाळा भाड्यानं दिला की दर महिन्याला रक्कम हातात पडते. हॉटेलात पहाटे पाचला भाजी बाजार, रात्री बाराला हिशेब, मध्ये गॅस संपतो, उस्ताद पळून जातो. बापाची जमीन एकदा गेलेली बघितलेल्या माणसानं खात्रीचं भाडं निवडलं, यात गैर काय? शिवाय गावठाणातल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसलं की बँक सहजी दारात उभी करत नाही. तिथं धंदा तोच करू शकतो ज्याच्या मागे बँकेबाहेरचा पैसा आहे. हरवलं काय, तर आगरी जेवण. तांदळाची भाकरी, सुकट, खाडीची निवटी, बोंबलाचं कालवण हे सगळं या भागाचं मूळचं ताट, आणि तेच इथल्या हॉटेलांच्या बोर्डांवर सर्वांत उशिरा आलं. आता आगरी थाळीचे बोर्ड दिसू लागलेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी घरातल्या बायकाच रांधतात, आणि चव तिथंच टिकली आहे.

मराठी माणसाला हॉटेलमालक करण्याचे राजकीय प्रयत्नही झाले. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा दाक्षिणात्यांची हॉटेलं हे तिचं पहिलं लक्ष्य होतं. दगड पडले, काचा फुटल्या, पण हॉटेलांची मालकी बदलली नाही. पुढे १९९५ मध्ये युतीचं सरकार आल्यावर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. मोक्याच्या जागा आणि सरकारी अनुदान दोन्ही मिळालं. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली, आणि कित्येक केंद्रांच्या जागी वडे, डोसे, चायनीज सुरू झालं, केंद्र एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा. जागा आणि नाव देता आलं. मामा, रात्रशाळा आणि पाच वर्षांची उमेदवारी देता आली नाही. २०२० मध्ये शिवभोजन थाळी आली तेव्हा सरकारनं ती चालत्या खानावळींकडे आणि बचत गटांकडे सोपवली, हे मागच्या चुकीवरून शिकल्याचं लक्षण म्हणायला हवं.

मराठी माणसानं हॉटेल काढलंच नाही, हे म्हणणंही खोटं आहे. दादरला मामा काणे १९१० पासून, गिरगावात आणि शिवाजी पार्काला आणखी कितीतरी. पण ती बहुतेक एका घराची एकेक हॉटेलं राहिली. मुलानं सांभाळलं तर चाललं, नाहीतर बंद. भाच्याला दुसरं हॉटेल काढून देण्याची रीत तिथं नव्हती.

एक अपवाद मात्र फार मोठा, आणि तो बायकांचा. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार जेवायचे कुठं? खानावळवालीकडे. दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळचं वीस-पंचवीस जणांचं जेवण, पैसे महिनाअखेर, तोवर किराणा उधार आणि सावकाराचं व्याज. परमुलखात आलेल्यांना गावची चव देणारं हे मुंबईतलं सर्वांत मोठं स्वयंपाकघर होतं, आणि त्याला ना बोर्ड होता, ना परवाना. म्हणून हॉटेलांच्या कुठल्याच मोजदादीत ते आलं नाही. १९७४ च्या गिरणी संपात कामगारांचे पगार थांबले आणि या बायका कर्जात बुडाल्या. त्यानंतर प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बायकांचे गट बांधले, एकमेकींच्या हमीवर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बिल्लवांनी तीन वर्षांनी बँक काढून जे केलं, तेच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. इराणी हॉटेलं यझद-कर्मानकडून आलेल्या झरतुष्ट्र्यांनी आणि काही शिया मुसलमानांनी चालवली. कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. पुढच्या पिढ्या शिकल्या, परदेशी गेल्या, आणि बहुतेक दुकानं बंद झाली. धंदा बुडाला असं म्हणून लोक हळहळतात. माझ्या मते मुलांना डॉक्टर-इंजिनियर करणं हेच त्या धंद्याचं काम होतं आणि ते त्यानं केलं. चिनी माणसांची गोष्ट कडवट आहे. १९६२ च्या युद्धात भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, अनेकांनी देश सोडला. आज आपण ज्याला चायनीज म्हणतो, त्यातलं चिकन मंचुरियन कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात केलं, असं सांगितलं जातं. पुढे ते गाडीवर आलं आणि नेपाळी, दार्जिलिंगकडच्या आणि हळूहळू मराठी पोरांच्या हाती गेलं. बोनकोड्याच्या आसपास गाडीवर शेझवान राइस परतणाऱ्यांत साताऱ्याकडची मुलंही आहेत.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. लंडनमध्ये पहिलं भारतीय हॉटेल १८१० मध्ये पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी काढलं आणि दोन वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. पुढे विसाव्या शतकात ब्रिटनभर ‘इंडियन’ हॉटेलं पसरली, ती सिल्हेटच्या लोकांची. बोटींच्या इंजिनखोलीत कोळसा ओढणारे हे खलाशी बंदरात उतरून राहिले आणि हॉटेलांत शिरले. फाळणीनंतर १९७१ पर्यंत ते कागदावर पाकिस्तानी होते, नंतर बांगलादेशी; बोर्डावर मात्र कायम ‘इंडियन’. अमेरिकेत सुशीची कितीतरी दुकानं चिनी आणि कोरियन माणसं चालवतात, जपानमधली ‘भारतीय’ हॉटेलं पुष्कळशी नेपाळी. कृष्णेंदु राय यांनी ‘द एथनिक रेस्टॉरेटर’ या २०१६ च्या पुस्तकात आणखी एक गोष्ट दाखवली: कोणत्या जेवणाला किती किंमत मोजायची, हे ते जेवण आणणारा समाज गिऱ्हाइकाच्या नजरेत कुठं आहे यावर ठरतं. गरीब स्थलांतरितांचं जेवण स्वस्तच असायला हवं, असं गिऱ्हाइकानं मनात धरलेलं असतं. हे आपल्याकडेही तंतोतंत लागू आहे. त्याच डाळीला पंजाबी ढाब्यावर मिळणारा भाव आणि बिहारी ठेल्यावर मिळणारा भाव ताडून बघावा.

२०१० हे वर्ष या बाबतीत मजेशीर आहे. त्या वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये मुंबईच्या इराणी हॉटेलाच्या धर्तीवर ‘डिशूम’ उघडलं. काढणाऱ्यांत ठकरार चुलतभाऊ, युगांडातून आलेल्या आणि तांदळाच्या व्यापारात नाव कमावलेल्या गुजराती घराण्यातले. त्याच वर्षी हाउन्स्लोमध्ये सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईच्या दोन कॉलेजमित्रांनी मंदीच्या काळात एका कॅफेच्या कोपऱ्यात वडापाव विकायला सुरुवात केली. एकाकडे भांडवल होतं, दुसऱ्याकडे चव आणि अडचण. दोन्ही चालली. पण इराणी हॉटेल इराण्याशिवाय चालू शकतं, हे डिशूमनं सिद्ध केलं, आणि त्याला मी जास्त महत्त्व देतो. एकदा का जेवणाचं नाव झालं, की ते नाव भांडवलवाल्याचं होतं.

म्हणूनच मला काळजी वाटते ती भट्टीवरच्या माणसाची. बोनकोड्याच्या हॉटेलांतली खरी विद्या आज ओडिशा, गढवाल, झारखंड, नेपाळच्या हातांत आहे. चाळीस जिन्नसांची ग्रेव्ही त्यांना डोळे मिटून येते. तरी उस्ताद मालक होत नाही. मामाच्या हॉटेलात भाचा गल्ल्यापर्यंत पोचायचा, कारण दोघांची भाषा एक, गाव एक. ओडिशाच्या तव्यावाल्याला अण्णांच्या गल्ल्याकडे जाणारी वाट नाही. तो स्टाफ रूममध्ये झोपतो, म्हणजे भाडेकरार नाही. भाडेकरार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून कर्ज नाही. गाडी लावावी म्हटलं तर महाराष्ट्रात फेरीवाला परवान्याला अधिवासाचा दाखला मागितला जातो आणि एरवी पालिकेची गाडी येते. नेपाळ्याला १९५० च्या करारानं इथं काम करता येतं, पण नावावर गाळा घेताना तो करार कोणी वाचत नाही. आता घरपोच जेवणाच्या ॲपवर बंद गाळ्यातलं नुसतं स्वयंपाकघर चालवता येतं, डिपॉझिट कमी लागतं, म्हणून काही उस्ताद त्यात उतरत आहेत. पण ॲपचं कमिशन गेल्यावर जे हातात राहतं, त्यात दुसरा मुलगा गावाहून आणून वाढवणं कठीण.

कायद्यानं करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. हॉटेलमालकानं दिलेला राहण्याचा दाखला पत्ता म्हणून धरणं, स्वयंपाक्याच्या अनुभवाचं प्रमाणपत्र, आणि पालिकेच्या बाजारांतले काही गाळे पाच वर्षं भट्टीवर काम केलेल्यांसाठी राखणं. त्यापुढचं काम पैशांचं आहे, आणि ते आतापर्यंत ज्यांनी यशस्वीपणे केलं त्यांनी एकमेकांच्या भरवशावर पत उभी करूनच केलं. अन्नपूर्णाचं एक केंद्र वाशीतच आहे, बोनकोड्याहून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर. एकमेकींच्या हमीवर कर्ज कसं उभं करायचं आणि ते कसं फेडायचं, हे शिकवणाऱ्या बायका तिथं होऊन गेल्या. हॉटेल कामगारांची संघटना बांधू पाहणाऱ्यांनी पगारवाढीच्या मागणीबरोबर हाही विषय हाती घ्यावा, आणि सुरुवात कोपरखैरणे-वाशी पट्ट्यातल्या दहा-बारा उस्तादांच्या एका गटानं करावी.